रस्त्याची मालकी बदलते तेव्हा: जुन्या बाजारपेठेतील घरमालक व दुकानदारांसाठी माहितीपत्रक

सस्नेह नमस्कार.

जुन्या घरांची दुरुस्ती आणि जागेची मोजणी या कामांसाठी आमच्या कार्यालयात येणाऱ्या ग्राहकांपैकी बरेच जण पूर्वीच्या महामार्गालगतच्या बाजारपेठेत राहतात. गावाबाहेरून बाह्यवळण मार्ग सुरू झाला, की त्यांच्या दारावरून जाणारा जुना रस्ता पुढेमागे एका शासकीय यंत्रणेकडून दुसरीकडे वर्ग होतो. त्या दिवशी रस्त्यावर काहीच घडत नाही. ना डांबर बदलते, ना रहदारी. म्हणूनच बहुतेकांना त्याची खबर एखादी नोटीस हाती पडल्यावर किंवा पहिल्या पावसात पाणी उंबरठ्याच्या आत आल्यावर लागते. ती खबर वेळेत लागावी आणि हस्तांतरणाच्या काळात नेमके काय पदरात पाडून घ्यावे हे कळावे, यासाठी हे पत्रक.

रस्ता मुळात कोणाचा?

आपल्या घरासमोरचा रस्ता "सरकारी" आहे एवढे सांगून भागत नाही. राष्ट्रीय महामार्ग 1956 च्या राष्ट्रीय महामार्ग अधिनियमानुसार केंद्र शासनाच्या मालकीचा असतो, मग त्याची देखभाल प्रत्यक्षात राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण करो वा राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागातील राष्ट्रीय महामार्गाचे कार्यालय करो. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग यांना 1955 चा राज्याचा महामार्ग अधिनियम लागू होतो आणि ते सर्वसाधारणपणे बांधकाम विभाग सांभाळतो. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण रस्ते जिल्हा परिषदेकडे असतात. शहराच्या हद्दीतील सार्वजनिक रस्ते 1965 च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमान्वये नगरपरिषदेकडे असतात. मात्र गावाच्या मधोमध जाणारा सर्वांत रुंद आणि सर्वांत जुना रस्ता अनेकदा नेमका याला अपवाद असतो.

कोणताही राष्ट्रीय महामार्ग किंवा त्याचा तुकडा अधिसूचना काढून सूचीतून वगळण्याचा अधिकार केंद्राला आहे. बाह्यवळण झाल्यावर गावातून जाणारा जुना तुकडा एकदा सुधारून राज्याकडे सोपवायचा, अशी केंद्रीय रस्ते मंत्रालयाची पद्धत आहे, आणि या एकवेळच्या दुरुस्तीला कार्यालयीन बोलीत "वन टाइम इम्प्रूव्हमेंट" म्हणतात. हे दोन शब्द लक्षात ठेवावेत, कारण पुढे ज्या अडचणींविषयी लिहिले आहे त्यांपैकी निम्म्या या दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात काय धरले आणि काय वगळले, यावरच ठरतात. राज्याकडे आलेला रस्ता तेथून पुढे नगरपरिषदेकडे जातो किंवा वर्षानुवर्षे बांधकाम विभागाकडेच राहतो.

रस्त्यात बदल न होता निव्वळ कागदावर मालकी बदलली तरी किती गोष्टी हलतात, याचा पुरावा 2017 साली साऱ्या देशाने पाहिला. सर्वोच्च न्यायालयाने 15 डिसेंबर 2016 रोजी राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून 500 मीटरच्या आत मद्यविक्रीला मनाई केली, आणि 31 मार्च 2017 रोजी वीस हजारांपर्यंत लोकसंख्या असलेल्या वस्त्यांसाठी हे अंतर 220 मीटर केले. त्यानंतर अनेक राज्यांनी शहरांतून जाणारे रस्ते घाईघाईने महामार्गांच्या यादीतून काढले. आपल्याकडे जळगाव, यवतमाळ येथील रस्ते पालिकांकडे वर्ग करण्याचे निर्णय त्या वेळी बरेच गाजले. पुढे जुलै 2017 मध्ये न्यायालयानेच पालिका हद्दीतील परवानाधारकांना ही मनाई लागू नसल्याचे स्पष्ट केले, म्हणजे ज्या कारणासाठी ही धावपळ झाली ते कारणच उरले नाही. मद्याच्या प्रश्नावर मत देण्याचे आमचे काम नाही. रस्त्याच्या भल्याबुऱ्याचा विचार न करता, भलत्याच कारणाने घेतलेला रस्ता सांभाळायला पैसा कोठून आणायचा, हा प्रश्न मात्र मद्याचा वाद मिटला तरी सुटत नाही.

हद्दीची रेषा

जुन्या बाजारपेठेतील घरांचे ओटे, पायऱ्या, पुढे आलेली पागोळी आणि दुकानाची पडवी ही बहुधा रस्ता महामार्ग होण्याच्या आधीची असतात. महामार्गाचे नियम मात्र मोकळ्या माळावरून जाणारा रस्ता डोळ्यांसमोर ठेवून केलेले आहेत. भारतीय रस्ते काँग्रेसच्या 1980 च्या मानकानुसार मोकळ्या सपाट भागात राष्ट्रीय व राज्य महामार्गासाठी सर्वसाधारण 45 मीटर रुंद जागा, दोन्ही बाजूंच्या इमारत रेषांमध्ये (ज्यांच्या आत बांधकाम करायचे नाही) 80 मीटर आणि नियंत्रण रेषांमध्ये (ज्यांच्या आत बांधकामावर निर्बंध असतात) 150 मीटर अंतर अपेक्षित आहे. वस्तीतील महामार्गाची सर्वसाधारण रुंदीही 30 मीटर सांगितली आहे. आता आपल्या पेठेत समोरासमोरच्या दोन ओट्यांमधले अंतर मनात आणावे. अनेक ठिकाणी ते या आकड्याच्या निम्मेही भरणार नाही. त्यामुळे रस्ता महामार्ग असेपर्यंत दर्शनी भिंतीच्या दुरुस्तीलाही महामार्ग कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र मागितले जाते, आणि 2002 च्या महामार्ग जमीन व वाहतूक नियंत्रण कायद्याखाली अतिक्रमणाची नोटीस येण्याची टांगती तलवार असते.

रस्ता नगरपरिषदेकडे आला, की ही तलवार जाते. तिच्या जागी दुसरी येते, आणि ती अधिक सावकाश कापते. नगरपरिषदेला रस्त्याची नियमित रेषा ठरवण्याचा अधिकार असतो. त्या रेषेच्या पुढे आलेले बांधकाम पडले किंवा मालकाने पाडून नव्याने बांधायला काढले, की तेवढी जागा सोडून मागे सरकावे लागते. शहराच्या विकास योजनेत त्याच रस्त्याची रुंदी आज आहे त्यापेक्षा जास्त दाखवलेली असेल, तर रस्ता दुसऱ्याच्या ताब्यात असताना निजलेली ती रेषा आता जागी होते. एकेक घर मागे सरकत गेल्याने पेठेची सलग दर्शनी ओळ दात पडलेल्या तोंडासारखी होते, हे आपण अनेक गावांत पाहिलेच असेल.

मोबदल्याचीही तऱ्हा बदलते. राष्ट्रीय महामार्गासाठी जागा घेतली तर 1956 च्या अधिनियमाखाली सक्षम प्राधिकारी निवाडा करतो आणि 1 जानेवारी 2015 पासून 2013 च्या भूसंपादन कायद्यातील मोबदल्याच्या तरतुदी त्याला लागू आहेत. नगरपरिषदेने जागा घेतली तर 1966 च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार रोख रकमेऐवजी पुष्कळदा हस्तांतरणीय विकास हक्क (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा जादा बांधकामाचा हक्क) किंवा वाढीव चटईक्षेत्र (त्याच जागेवर जादा बांधकामाची मुभा) देऊ केले जाते. ज्यांना घर पाडून इमारत उभारायची आहे त्यांना ते परवडते. ज्यांना आजोबांचा वाडा आहे तसा ठेवायचा आहे, त्यांना वाढीव चटईक्षेत्र म्हणजे उपाशी माणसाला दिलेला दागिना. असा प्रस्ताव आल्यास सही करण्यापूर्वी एकदा आमच्याशी बोलावे.

उंची आणि पाणी

आमच्या अनुभवात जुन्या घरांचे सर्वांत जास्त नुकसान रुंदीकरणाने होत नाही. ते रस्त्याची उंची वाढल्याने होते. रस्ता कोणाचाही असो, डांबराचा नवा थर जुन्या थरावर चढवणे स्वस्त आणि झटपट असते. जुना थर खरवडून मग नवा घालणे खर्चाचे. दर काही वर्षांनी दोन-चार बोटे वर चढत रस्ता एका पिढीत जोत्याच्या बरोबरीला येतो. चार पायऱ्या चढून जायचे दुकान दोन पायऱ्यांचे होते, मग एका पायरीचे, आणि शेवटी दारात सिमेंटचा उंचवटा घालून पाणी अडवण्याची वेळ येते.

कोकणातील ग्राहकांना हे अधिक सोसावे लागते. तळकोकणात वर्षाला 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि जुनी घरे जांभ्या चिऱ्याची असतात. चिरा सच्छिद्र असतो. तो पाणी पितो आणि ऊन मिळाले की सोडतो. जोत्याला लागून पाणी साचत राहिले, वर भिंतीला सिमेंटचा गिलावा असला, तर ते पाणी बाहेर पडू शकत नाही आणि भिंतीत वर चढते. चुन्याचे सांधे सुटतात, लाकडी खांबांचे तळ कुजतात, आणि घरमालक मात्र छपरातली गळती शोधत बसतात.

मालकी बदलण्याशी याचा संबंध असा, की रस्ता आणि त्याच्या कडेचे गटार हे अनेक गावांत दोन वेगळ्या कार्यालयांचे असतात. महामार्ग कार्यालय डांबराच्या कडेपर्यंत पाहते, नगरपरिषद आपल्या गटारापासून पुढे पाहते, आणि मधल्या साईडपट्टीवरचे पाणी कोणाचेच नसते. हस्तांतरणानंतर दोन्ही एका हाती येतात, हा खरा लाभ आहे, आणि एवढ्या एका कारणासाठीसुद्धा रस्ता गावाच्या ताब्यात येणे आम्हाला इष्ट वाटते. मात्र हस्तांतरणापूर्वीच्या एकवेळच्या दुरुस्तीत बहुधा घाईने एक जाड थर घालून रस्ता चकचकीत करून दिला जातो, आणि नगरपरिषदेला तो आयता उंच झालेला मिळतो. पुढे तो खरवडण्याइतका निधी लहान नगरपरिषदेकडे क्वचितच असतो. रस्ता अनुदान आणि नगरोत्थानसारख्या योजनांवर तिची भिस्त असते. म्हणून जुना थर काढण्याची आणि मोऱ्या मोकळ्या करण्याची मागणी रस्ता सोपवण्याच्या आधीच, सोपवणाऱ्याकडे करावी.

धंद्याचे काय?

हा प्रश्न सर्वप्रथम विचारला जातो, आणि त्याला सरसकट उत्तर नाही. मुंबई–गोवा महामार्गाच्या झाराप ते पत्रादेवी या चौपदरी मार्गाने पूर्वी सावंतवाडी शहरातून जाणारी लांब पल्ल्याची वाहतूक बाहेर काढली. केवळ जाता जाता थांबणाऱ्या गिऱ्हाइकांवर चालणाऱ्या दुकानाला असा बदल जाचतोच. पण मोती तलाव, त्याच्या काठचा राजवाडा आणि लाकडी खेळण्यांची चितारआळी यांसाठी येणारा माणूस मुद्दाम वाट वाकडी करून येतो, आणि त्याला हवी असते ती पायी हिंडण्याजोगी पेठ. याच्या उलट टोकाला याच महामार्गावरील रायगड जिल्ह्यातले माणगाव आणि इंदापूर आहेत, जिथले बाह्यवळण वर्षानुवर्षे रखडल्याने गणपतीच्या दिवसांत बाजारपेठेतून वाहनांच्या रांगा लागतात. गर्दी अफाट, पण तिच्यातले गाडीतून उतरून खरेदी करणारे किती, हे तेथील दुकानदारांनाच विचारावे.

रस्ता महामार्ग असताना नगरपरिषदेला त्यावर पदपथ रुंद करणे, वाहनतळाची बाजू ठरवणे किंवा बाजाराच्या दिवशी वाहने बंद ठेवणे यांपैकी काहीही एकटीने करता येत नाही. पथारीवाल्यांचाही प्रश्न आहेच: महामार्गाच्या जागेवर ते निव्वळ अतिक्रमण ठरतात, तर नगरपरिषदेच्या रस्त्यावर 2014 च्या पथविक्रेता कायद्यानुसार नगर पथविक्रेता समितीमार्फत त्यांची जागा ठरवावी लागते. दुकानदार आणि पथारीवाले यांची भांडणे जुनीच आहेत, पण समितीत दोघांनाही बोलायला जागा मिळते.

झाडांविषयी थोडे. नागरी क्षेत्रातील वृक्षतोडीला 1975 च्या कायद्याची परवानगी लागते आणि 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला आहे. पेठेच्या तोंडाशी जुना वड किंवा पिंपळ असेल, तर त्याची नोंद वृक्षगणनेत आहे की नाही, हे आजच पाहून घ्यावे. तसेच केंद्रसंरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंतचा भाग प्रतिबंधित आणि त्यापुढचे 200 मीटर विनियमित असतात. रस्ता कोणाच्याही ताब्यात गेला तरी हे बंधन सुटत नाही.

हस्तांतरणापूर्वी काय करून ठेवावे

सर्वांत आधी आपल्या मिळकतीची मोजणी. भूमी अभिलेख कार्यालयाकडून रीतसर मोजणी करून नकाशाची क प्रत घ्यावी आणि मिळकत पत्रिकेवरील क्षेत्राशी ती जुळते का ते पाहावे. रस्त्याच्या जुन्या संपादनात गेलेली जागा पत्रिकेवरून कमीच झालेली नाही, किंवा ओटा कोणत्याच नकाशात नाही, असे प्रकार आम्हाला नेहमी आढळतात, आणि यंत्रणा बदलत असतानाच ते उघडे पडतात.

दुसरे, रस्त्याची उंची नोंदवणे. उंबरठा, जोते, गटाराचा तळ आणि रस्त्याचा मध्य यांच्या पातळ्या एकाच स्थिर खुणेवरून मोजून तारखेसह लिहून ठेवाव्यात. हे काम आमच्याकडे एका सकाळी होते. शेजारच्या आठ-दहा घरांनी मिळून ते केले तर खर्च वाटला जातो आणि कागदाला वजनही येते. आपल्या एकट्याच्या तक्रारीत "पूर्वी रस्ता खाली होता" एवढेच असते. सामायिक नोंदीत तो किती खाली होता हे असते.

तिसरे, माहितीचा अधिकार. रस्ता कोणत्या साखळी क्रमांकापासून (रस्त्यावरील अंतराच्या खुणेपासून) कोणत्या क्रमांकापर्यंत सोपवला, रुंदी किती दाखवली, मोऱ्या, गटारे, दिवे आणि झाडे यादीत आहेत का, आणि एकवेळच्या दुरुस्तीचे अंदाजपत्रक काय होते, हे प्रश्न 2005 च्या कायद्याखाली दोन्ही कार्यालयांना वेगवेगळे विचारावेत. उत्तरासाठी 30 दिवसांची मुदत असते. दोन्ही उत्तरांत रुंदी वेगळी आली, तर ती विसंगती त्याच वेळी लेखी निदर्शनास आणावी.

या कामांसाठी कार्यालयात येताना मिळकत पत्रिका किंवा सातबारा उतारा, घरपट्टीची अलीकडची पावती, पूर्वीच्या बांधकाम परवानगीची प्रत असल्यास ती, महामार्ग कार्यालय किंवा नगरपरिषद यांच्याकडून आलेली कोणतीही नोटीस आणि घराच्या दर्शनी बाजूचे जुने छायाचित्र आणावे. लग्नाच्या वरातीचे छायाचित्रही चालते. पायऱ्या त्यात बहुधा मोजता येतात.