पानशेत ते एकतानगरी: पुण्याच्या पूरमदतीची पार्श्वभूमी

सीना, कृष्णा नाहीतर पंचगंगा पात्राबाहेर पडली, की दोन-तीन दिवसांत पुण्यातल्या पेठांमध्ये गणेश मंडळांसमोर टेबलं लागतात. फळ्यावर काय हवं आणि काय नको याची यादी असते. बाजूला पिठाच्या पिशव्या, तेलाचे पुडे, मेणबत्त्या, काडेपेट्या, ब्लँकेटं, सॅनिटरी पॅड. रात्री टेम्पो भरतो आणि उजाडायच्या आत रस्त्याला लागतो. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरसाठी हे झालं, सप्टेंबर २०२५ मध्ये सोलापूर, धाराशिव, बीडसाठी पुन्हा झालं. पूर म्हटलं की पुणेकर इतक्या चटकन उठतो, याचं कारण या शहराच्या स्वतःच्या आठवणीत आहे. ती आठवण १२ जुलै १९६१ ची.

पानशेतचं मातीचं धरण आंबी नदीवर बांधलं जात होतं. काम पुरतं झालेलं नसताना त्या पावसाळ्यात त्यात पाणी साठलं. ११ जुलैला बांध खचू लागला, तेव्हा लष्कराच्या जवानांनी भर पावसात रात्रभर वाळूची पोती रचून तो धरून ठेवला. सकाळी तो फुटलाच. ते पाणी खाली खडकवासल्यात आलं आणि १८७९ मध्ये पुरं झालेलं ते जुनं दगडी धरणही त्याच दिवशी गेलं. तरी त्या पोत्यांनी काही तास मिळवून दिले होते. पाणी शहरात शिरलं ते दिवसाउजेडी, म्हणून हजारो लोकांना पर्वती, हनुमान टेकडी, चतुःशृंगी गाठता आली. हाच लोंढा मध्यरात्री आला असता तर काय झालं असतं, हे त्या पिढीतली माणसं आजही बोलून दाखवतात. त्या जवानांचं ऋण पुण्यानं कधी विसरू नये.

नारायण, शनिवार, कसबा, सोमवार, मंगळवार या पेठा, डेक्कनचा नदीकाठ, पुलाची वाडी हे सगळं पाण्याखाली गेलं. वाड्याचं जोतं दगडी असलं तरी वरची भिंत विटांची आणि मातीची. पाणी मुरलं की ती भिंत बसते. कित्येक वाडे पाणी चढताना उभे राहिले आणि उतरताना कोसळले. अशा वेळी पहिली मदत बाहेरून येऊच शकत नाही. ती समोरच्या बिऱ्हाडातून आली. कुठल्या खोलीत अंथरुणाला खिळलेली आजी आहे, कोणाकडे बाळंतीण आहे, कोणाचा मुलगा कामावर गेलाय, हे चाळीस माणसांच्या वाड्यात वेगळं विचारावं लागत नव्हतं. तालमीतली पोरं म्हाताऱ्याकोताऱ्यांना पाठुंगळी घेऊन निघाली. पाणी पोचलं नाही त्या उंचावरच्या घरांनी ओळख असो-नसो, ओसरी आणि माजघर मोकळं करून दिलं. शाळांच्या वर्गांत सतरंज्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी ‘पाणी आलं, पाणी आलं’ अशी अफवा उठली आणि गाळ तुडवत लोक पुन्हा टेकड्यांकडे धावले. दोन्ही धरणं रिकामी झालेली असताना पाणी येणार कुठून, हा विचार करण्याच्या मनःस्थितीत कोणी नव्हतं.

पूर ओसरला तशी दुसरी अडचण उभी राहिली. शहराला पाणी खडकवासल्याचं आणि खडकवासलाच उरला नव्हता. वीज गेलेली, नळ कोरडे. ज्या वाड्यांत आड होते आणि ज्यांच्याकडे विहिरी होत्या, त्यांच्या दारात कळश्यांच्या रांगा लागल्या.

आणि गाळ. पूर पाहिलेल्या माणसाला विचारा, तो पाण्याइतकाच गाळाबद्दल बोलतो. पेटीत, देवघरात, पिठाच्या डब्यात, शिवणयंत्राच्या चाकात तो बसतो. ओला असताना फावड्यानं घमेल्यात भरता येतो. दोन दिवस ऊन लागलं की फरशीला असा धरतो की तो खरवडून काढावा लागतो, म्हणून घाई करावी लागते आणि घाई एकट्यादुकट्याच्या हातून होत नाही. एका घरातला गाळ काढायला पाच माणसं लागतात, मग तीच पाच माणसं पुढच्या घरी जातात. भिजलेलं धान्य आंबून वास मारू लागतं, ते लांब नेऊन पुरावं लागतं. दोरीवर कपड्यांच्या शेजारी रेशनकार्ड, शाळेचे दाखले, भाडेपावत्या वाळत घालाव्या लागतात. १९६१ मध्ये हे काम शेजाऱ्यांनी आणि स्वयंसेवकांनी हातांनी केलं. जुन्या पेठांत काही भिंतींवर अजून पूररेषेच्या खुणा आहेत. त्यांच्याखाली उभं राहून वर बघावं, म्हणजे किती गाळ उपसला असेल याचा अंदाज येतो.

सरकारी बाजूनं एक नाव आवर्जून घ्यायला हवं, ते स. गो. बर्वे यांचं. आयसीएस अधिकारी असलेल्या बर्व्यांनी आधी पुण्याचा कारभार पाहिलेला होता. पुरानंतर शहर पुन्हा उभं करण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली. त्यांना इथले रस्ते आणि माणसं माहीत होती, म्हणून कामाला वेग आला असं मला वाटतं. पुढच्याच वर्षी पुणेकरांनी त्यांना विधानसभेत पाठवलं. शिवाजीनगरच्या चौकाला आज त्यांचं नाव आहे.

अन्न, कपडे, निवारा, गाळ हे शेजाऱ्यांनी निभावलं. घराचं काय? पडलेल्या वाड्यांतली बहुतेक बिऱ्हाडं भाडेकरूंची. वाडा पडला की भाडेकरूची जागा गेली. कमी भाड्यावर चालणारा वाडा पुन्हा बांधण्याची ऐपत अनेक मालकांपाशी नव्हती. मग गोखलेनगरसारख्या ठिकाणी अर्धगोल पत्र्याच्या निसेन हट उभ्या राहिल्या. उन्हाळ्यात तापणाऱ्या, पावसात वाजणाऱ्या त्या घरांत लोकांनी वर्षानुवर्षं संसार केले, मुलं शिकवली. सहकारनगर, पर्वती, दत्तवाडीच्या बाजूला पूरग्रस्तांच्या वसाहती वसल्या. त्यांच्या १०३ सहकारी गृहनिर्माण संस्था झाल्या. जमीन मात्र सरकारची, भाडेपट्ट्यानं दिलेली. ती मालकीची व्हावी म्हणून या संस्था पुढे अनेक दशकं अर्ज, बैठका, मोर्चे करत राहिल्या. बापानं सुरू केलेला कागद मुलानं आणि नंतर नातवानं पुढे रेटला. पूर एका दिवसाचा होता आणि त्याची फाइल पन्नास वर्षांहून जास्त चालली, ही गोष्ट मदतीच्या कौतुकात हरवते, म्हणून इथे मुद्दाम सांगितली.

आता २०१९. ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, कोल्हापुरात पंचगंगेनं शिरोळीजवळ पुणे-बंगळूरु महामार्ग कित्येक दिवस बंद पाडला. पुण्यात मदतीचा ओघ इतका होता की टेम्पो भरून उभे आणि रस्ताच नाही. गणेशोत्सव तोंडावर होता, अनेक मंडळांनी देखाव्यांचा खर्च कमी करून पैसे तिकडे वळवले. पण त्याच वेळी जुन्या कपड्यांचे ढीग गावोगावी पडून राहिले आणि जनावरांना चारा मिळेना. फळ्यावरची ‘काय नको’ ही यादी त्या अनुभवानंतर अधिक ठळक झाली. दूरच्या गावाला मदत पाठवायची तर त्या गावातलं कोणीतरी आपल्यात हवं. पेठांत राहून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मराठवाड्यातली मुलं २०२५ मध्ये म्हणूनच मोलाची होती. आपल्या तालुक्यात काय कमी आहे हे ती घरच्यांना फोन लावून सांगू शकत होती.

ऑगस्टनंतर महिनाभरातच, २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री, पाणी पुण्याच्याच दारात आलं. आंबिल ओढा अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनी, दांडेकर पूल भागात शिरला; त्या रात्री शहर आणि जिल्ह्यात मिळून वीसहून अधिक जीव गेले. अंधार, अरुंद बोळ, पडलेली भिंत. तिथेही पहिल्या तासात शेजारीच होते. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं गेलं आणि सिंहगड रस्त्यावरची एकतानगरी, निंबजनगर बुडाले. त्याच पावसात पुलाच्या वाडीजवळ अंडाभुर्जीची गाडी हलवताना तीन तरुण विजेच्या धक्क्यानं गेले. १९६१ मध्ये सगळ्यात आधी बुडालेल्या भागांतली ती वस्ती, आणि हातावर पोट असलेलीच माणसं.

एकतानगरीत गाळ काढायला मंडळांची पोरं पोचली, बाजूच्या सोसायट्यांनी डबे दिले. पार्किंगमधल्या गाड्या, तळमजल्यावरचे फ्रिज, मुलांची दप्तरं, सगळं पुन्हा दोरीवर आणि उन्हात. मात्र या इमारती निळ्या पूररेषेच्या, म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पातळीच्या, आसपास किंवा आत आहेत. तिथे एकेक सोसायटी स्वतःपुरती पुनर्वसनाची मागणी करेल तर हाती काही लागणं कठीण. पानशेतच्या पूरग्रस्तांनी संस्था काढल्या, संस्थांचा संघ केला आणि सरकारदारी एकत्र गेले, तेव्हा कुठे त्यांचा कागद हलू लागला. सिंहगड रस्त्यावरच्या रहिवाशांनी दत्तवाडीत किंवा सहकारनगरात जाऊन त्या जुन्या कार्यकर्त्यांना एकदा भेटावं. त्यांच्या कपाटात पत्रव्यवहाराचे गठ्ठे आहेत, आणि ते दाखवायला त्यांना आनंदच होईल.