ज्याची हवा आधी संपेल

ईजिप्तच्या सिनाईजवळ, तांबड्या समुद्रात एसएस थिसलगॉर्म हे ब्रिटिश मालवाहू जहाज सुमारे ३० मीटर खोलीवर बसलं आहे. ६ ऑक्टोबर १९४१ रोजी जर्मन बॉम्बफेकी विमानांनी ते बुडवलं. त्याच्या पोटात अजूनही मोटारसायकली आणि ट्रक आहेत.

समजा, बाप आणि त्याची विशीतली लेक तिथे स्कूबासाठी उतरले. दोघांच्या पाठीवर १२ लिटरची, २०० बार (साध्या हवेच्या साधारण २०० पट) दाबाने भरलेली टाकी, म्हणजे साध्या दाबाला साधारण २४०० लिटर हवा. ५० बार राखीव ठेवले की हाती उरतात १८०० लिटर. बाप पाण्याबाहेर मिनिटाला २० लिटर हवा घेतो असं धरू. पण रेग्युलेटरला, म्हणजे टाकीतली हवा तोंडाशी पुरवणाऱ्या साधनाला, भोवतालच्या पाण्याच्या दाबानेच हवा द्यावी लागते, नाहीतर छाती फुगणारच नाही. दर १० मीटरला एका वातावरणाचा दाब वाढतो. २० मीटरवर दाब तिप्पट, म्हणून बापाला मिनिटाला ६० लिटर लागतात आणि १८०० लिटर अर्ध्या तासात संपतात. अंगाने लहान असलेली लेक १५ लिटरवर भागवत असेल, तर तिची हवा ४० मिनिटं पुरेल.

तरी वर यायचं ते दोघांनी मिळून, बापाच्या वेळेने. घरच्या जोडीत इथेच घोळ होतो, असं मला वाटतं. बापाचे डोळे लेकीच्या गेजवर (टाकीत किती हवा उरली ते दाखवणाऱ्या मापकावर), स्वतःचं बघायचं राहून जातं. लेकीलाही ‘बाबा, पुरे’ म्हणणं जिवावर येतं. आणखी खाली, ३० मीटरच्या आसपास, दाबाखालच्या नायट्रोजनची गुंगी चढू लागते. गुंगलेल्याला आपण गुंगलोय हे बहुधा कळत नाही. बाप उगाच हसतोय किंवा तीच खूण पुन्हापुन्हा करतोय, हे मात्र लेकीला अनोळखी जोडीदारापेक्षा लवकर खटकेल. नात्याचा खरा उपयोग तो.

गंजाचा तांबडा रंगही तिथे दिसत नाही. पाणी तांबडा प्रकाश आधी शोषतं, त्यामुळे लोखंड निळसर करडं भासतं. टॉर्च लावला की गंज लालसर उठून दिसतो.

या गंजाला डायव्हरचा श्वासही हातभार लावतो. खोलीवर शरीर जास्त प्राणवायू वापरत नाही. हवा तिप्पट जाते, पण तिच्यातला बहुतेक प्राणवायू न वापरताच बुडबुड्यांतून बाहेर पडतो. उघड्यावर तो पृष्ठभागाकडे निघून जातो. जहाजाच्या खोल्यांत मात्र छताखाली अडकतो, आणि ओल्या लोखंडाला आयता प्राणवायू मिळून पत्रा झपाट्याने झिजतो. म्हणून अरुंद खोल्यांत न शिरता दारातूनच टॉर्च मारून बघणं, हे माणसांच्या आणि जहाजाच्याही सोयीचं.