इजेक्शन सीट

इजेक्शन सीट : लढाऊ आणि प्रशिक्षण विमानांतील वैमानिकाचे आसन. विमान हाताबाहेर गेले की हे आसन वैमानिकासह विमानाबाहेर फेकले जाते, हवाई छत्री उघडते आणि वैमानिक जमिनीवर उतरतो. बातम्यांत ‘वैमानिकाने पॅराशूटने उडी घेतली’ असे छापून येते. ते बरोबर नाही. वैमानिक एक मूठ ओढतो, एवढेच. पुढचे सगळे आसन करते.

मराठवाड्यात लढाऊ विमानांचा तळ नाही. पण उदगीर, देवणी, देगलूर या तालुक्यांना लागून असलेल्या बीदरला भारतीय हवाई दलाचा प्रशिक्षण तळ आहे आणि तिथे हॉक जेट विमानावर नवे वैमानिक घडतात. हॉकमध्ये पुढे शिकाऊ वैमानिक आणि मागे शिक्षक बसतो. दोघांनाही अशीच सीट असते. त्यामुळे हा विषय इथल्या शेताशिवाराला परका नाही.

गरज का पडली

पंख्याच्या विमानातून बाहेर पडणे अवघड होते, पण जमण्यासारखे होते. छत सरकवायचे, पंखावर यायचे आणि स्वतःला सोडून द्यायचे. जेट विमान आले आणि तो मार्ग बंद झाला. ताशी 700-800 किलोमीटर वेगात समोरचा वारा माणसाला जागेवरून उठू देत नाही, आणि कसाबसा उठलाच तर मागचे शेपूट त्याच्यावर येऊन आदळते. म्हणून त्याला शेपटाच्या वरून पार फेकणारी काहीतरी युक्ती हवी होती.

पहिला जीव वाचला तो जर्मनीत. 13 जानेवारी 1942 रोजी हाइंकेल कंपनीच्या जेट विमानाची चाचणी चालू असताना ते बर्फाने गोठले आणि चाचणी वैमानिक हेल्मुट शेंक दाबाच्या हवेवर चालणाऱ्या आसनासह बाहेर पडला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये इंग्लंडमध्ये, मार्टिन-बेकर या विमान कंपनीचे जेम्स मार्टिन यांचे भागीदार कॅप्टन व्हॅलेंटाइन बेकर चाचणी उड्डाणात मरण पावले. मार्टिन यांना तो घाव कायमचा बसला आणि पुढचे आयुष्य त्यांनी वैमानिकाला जिवंत बाहेर काढण्याच्या कामाला वाहिले. 24 जुलै 1946 रोजी त्यांच्या कंपनीतला फिटर बर्नार्ड लिंच चालत्या मीटिओर विमानातून स्वतःच्या मर्जीने बाहेर फेकला गेला आणि सुखरूप उतरला. मार्टिन-बेकरच्या सीटांनी आजवर 7,700 हून अधिक जीव वाचवले आहेत. वाचलेल्या प्रत्येकाला कंपनी एक टाय देते. ही पद्धत 1957 पासून चालू आहे.

तीन सेकंदांचा हिशेब

मूठ पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची असते आणि बहुतेक विमानांत ती दोन मांड्यांच्या मध्ये असते. कितीही धूर, कितीही गोंधळ असला तरी हात तिथे जातोच. विमान जमिनीवर उभे असताना सीटमध्ये सुरक्षा पिना खोचलेल्या असतात आणि प्रत्येक पिनेला लाल पट्टी बांधलेली असते. उड्डाणापूर्वी पिना काढायच्या, मोजायच्या आणि ठरल्या जागी ठेवायच्या. पिना आत असतील तर सीट मुकी राहते. त्या बाहेर आल्या की ती भरलेल्या बंदुकीसारखी होते.

मूठ ओढली की पट्टे आपोआप आवळले जातात आणि वैमानिकाची पाठ आसनाला चिकटते. त्याच क्षणी डोक्यावरचे पारदर्शक छत, म्हणजे कॅनॉपी, उडवून दिले जाते. काही विमानांत ते उडवत नाहीत. त्यावर चिकटवलेली बारीक स्फोटक दोरी त्याचे तुकडे करते. आपल्या तेजस विमानासाठी छत फोडणारी अशी यंत्रणा पुण्यातल्या संरक्षण संशोधन संस्थांनी तयार केली आहे. मग आसनामागच्या नळीतली काडतुसे पेटतात आणि सीट रुळांवरून वर सरकते. वर जाता जाता पायांतले पट्टे वैमानिकाचे पाय आसनाकडे ओढून घेतात, नाहीतर गुडघे समोरच्या तक्त्यावर आपटून निकामी होतील. सीट विमानाबाहेर पडताच तिच्या बुडाखालचे रॉकेट पेटते आणि तिला आणखी वर नेते. एक लहान छत्री आधी उघडते, ती सीटचे कोलांट्या खाणे थांबवते. शेवटी मुख्य छत्री उघडते, सीट वैमानिकापासून सुटते आणि स्वतंत्रपणे खाली पडते. कमी उंचीवर हे सगळे साधारण तीन सेकंदांत आटोपते.

फार उंचावर मात्र मुख्य छत्री लगेच उघडत नाही. तिथे हवा विरळ असते आणि थंडी जीवघेणी. छत्री तिथेच उघडली तर माणूस श्वासावाचून लटकत राहील. म्हणून हवेचा दाब ओळखणारी कळ साधारण 3,000 मीटरपर्यंत वाट पाहते आणि तोवर वैमानिक सीटला जोडलेल्या बाटलीतला ऑक्सिजन घेत खाली येतो.

दोन जणांच्या विमानात सहसा मागचा आधी आणि पुढचा नंतर, काही दशांश सेकंदाच्या अंतराने बाहेर पडतो. पुढचा आधी गेला तर त्याच्या रॉकेटच्या ज्वाळा मागच्याच्या अंगावर येतील.

‘शून्य-शून्य’ आणि उशीर

आजच्या सीटला ‘झीरो-झीरो’ म्हणतात : उंची शून्य, वेग शून्य, म्हणजे विमान धावपट्टीवर उभे असले तरी सीट माणसाला वाचवते. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला सीटखाली रॉकेट बसवल्यानंतर हे शक्य झाले. पण या शब्दावर अनेकांची गफलत होते. शून्य-शून्यचा हिशेब विमान सरळ आणि स्थिर आहे असे धरून केलेला असतो. विमान सेकंदाला 50 मीटर वेगाने खाली येत असेल, तर ‘ओढू की नको’ या दोन सेकंदांच्या घोळात 100 मीटर उंची गेली. शिवाय सीटलाही आधी तो खाली येणारा वेग मोडावा लागतो. विमान एका कुशीवर कलले असेल तर सीट वर जाण्याऐवजी आडवी सुटते.

वैमानिक दगावतात ते पुष्कळदा सीट बिघडल्यामुळे नाही, तर मूठ उशिरा ओढल्यामुळे. त्या उशिरामागे कोट्यवधींचे विमान वाचवण्याची धडपड असते, खाली गाव दिसत असते. म्हणूनच ‘अमुक उंचीखाली विमान सावरले नाही तर बाहेर’ हा निर्णय वैमानिक जमिनीवरच, उड्डाणाआधी करून ठेवतात. 8 जून 1989 रोजी पॅरिसच्या हवाई प्रदर्शनात मिग-29 च्या इंजिनात पक्षी गेला, तेव्हा अनातोली क्वोचुर सुमारे 90 मीटर उंचीवर बाहेर पडला आणि जगला. 4 जून 2024 रोजी नाशिक जिल्ह्यात निफाड तालुक्यातल्या शिरसगावजवळ सुखोई-30 शेतात कोसळले. त्याचे दोन्ही वैमानिक असेच बाहेर पडून वाचले.

शरीराला याची किंमत मोजावी लागते. सुटताना वैमानिकावर स्वतःच्या वजनाच्या 12 ते 20 पट भार क्षणभर येतो. पाठ वाकलेली असेल, मान खाली असेल तर पाठीचा मणका दबून मोडतो. छातीचा भाग संपून कंबर सुरू होते तिथे हे जास्त घडते. दुखापत लगेच कळत नाही. माणूस उठून चालतो, बोलतो, आणि मणका मात्र मोडलेला असतो.

प्रवासी विमानात का नाही

शे-दीडशे प्रवाशांना, त्यांत लेकरे आणि म्हातारी माणसे, छत फोडून स्फोटाने बाहेर काढणे शक्य नाही. प्रवासी विमानाची सुरक्षा वेगळ्या जागी असते : दुसरे इंजिन, आग न पकडणारे कापड, मोकळी दारे, आणि धावपट्टीच्या टोकापलीकडची रिकामी जमीन. विमानातली निम्मी दारे बंद धरून, अंधारात, सगळे प्रवासी 90 सेकंदांत बाहेर पडले पाहिजेत, ही विमान मंजूर करण्याची अट आहे. डोक्यावरच्या कप्प्यातली बॅग काढायला थांबणारा एक माणूस मागच्या दहाजणांचे सेकंद खातो.

धावपट्टीच्या टोकापलीकडे मोकळीक नसण्याची किंमत मराठवाड्याने मोजली आहे. 26 एप्रिल 1993 च्या दुपारी इंडियन एअरलाइन्सचे बोइंग 737 औरंगाबादच्या चिकलठाणा विमानतळावरून मुंबईला निघाले. विमानात 118 जण होते. विमान धावपट्टीच्या अगदी टोकाला उचलले गेले आणि तिथून जाणाऱ्या बीड रस्त्यावर कापसाच्या गाठींनी भरलेल्या ट्रकला त्याचा डावा भाग धडकला. पुढे ते उच्च दाबाच्या विजेच्या तारांत अडकून शेतात कोसळले. 55 जण गेले, 63 वाचले. चौकशीत दोन कारणे पुढे आली : वैमानिकांनी विमान उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचलले, आणि विमानांच्या वेळेत बीड रस्त्यावरची वाहतूक रोखली गेली नव्हती. दुसरे कारण मला जास्त सलते. त्याला तंत्रज्ञान लागत नव्हते. फाटक लावून दहा मिनिटे वाहने थांबवायची होती.

शेतात वैमानिक किंवा सीट पडली तर

आपल्याकडे माणूस पडला की आधी बखोटीला धरून उठवतात, बाजेवर बसवतात आणि तोंडाला पाण्याचा तांब्या लावतात. यात माया असते, पण इजेक्ट झालेल्या वैमानिकाला यातले काहीच करू नये. तो ‘मी ठीक आहे’ म्हणाला तरी त्याला आहे तसे सपाट पडू द्यावे, मान हलू देऊ नये, उन्हात असेल तर वर धोतर नाहीतर ताडपत्री धरावी. शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता असते, म्हणून खायला-प्यायला देऊ नये. 112 किंवा 108 वर फोन करावा, पोलीस पाटलाला कळवावे. वाऱ्याने छत्री त्याला फरपटत नेत असेल तर दोघा-तिघांनी छत्रीची कड धरून तिच्यातली हवा काढावी. छत्री तारांत अडकली असेल तर महावितरणने वीज बंद केल्याची खात्री होईपर्यंत जवळ जाऊ नये. जळत्या विमानाचा धूर विषारी असतो. वाऱ्याच्या वरच्या अंगाला, लांब उभे राहावे.

सीट सहसा वैमानिकापासून काही अंतरावर, सोयाबीनच्या पाटात नाहीतर तुरीत पडलेली सापडते. मोडक्या खुर्चीसारखी दिसली तरी तिच्यात न फुटलेली काडतुसे शिल्लक असू शकतात. तिला उलटवू नये, मूठ ओढू नये, भंगार म्हणून बैलगाडीत घालू नये, पोरांना जवळ फिरकू देऊ नये. हवाई दलाचे पथक येते तेव्हा आधी तिच्यातली काडतुसे निर्धोक केली जातात, पिना खोचल्या जातात, आणि मगच सीट जागची हलते.