हरवलेली बॅच कशी सापडली

दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत जिल्हा आवृत्तीचं पान उघडलं की एक बातमी हमखास दिसते : पंचवीस वर्षांनी पुन्हा भरला दहावीचा वर्ग. फेटे बांधलेले चाळिशी ओलांडलेले विद्यार्थी, थकलेले सर आणि बाई, शाळेची तीच घंटा, प्रार्थना आणि मग हजेरी. हे मेळावे बहुतेक व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर ठरतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण एका बाकावर बसलेली माणसं मुळात एकमेकांना हरवली कशी? ते कळायला थोडं मागे जावं लागतं.

भारतात पोस्टकार्ड आलं १ जुलै १८७९ रोजी, पाव आण्याला. आंतरदेशीय पत्र आलं १९५० मध्ये. आमची दहावी झाली १९९३ ला, बीड जिल्ह्यातल्या एका शाळेत, आणि तेव्हाही आमची मैत्री या दोघांच्याच जिवावर चालायची. कार्ड उघडं. पोस्टमनपासून आजोबांपर्यंत कोणीही वाचणार, म्हणून त्यावर फक्त खुशाली. मनातलं लिहायला आंतरदेशीय. तिन्ही घड्या भरल्या की कडेच्या चिंचोळ्या जागेत आडवं लिहायचं, 'जागेअभावी थांबतो' म्हणायचं आणि तरी ता. क. टाकायचंच. डिंक सुटलेला असला तर भाताची शितं लावून चिकटवायचं. 'पत्र मिळताच उत्तर पाठव' हे शेवटचं वाक्य सवयीनं लिहिलेलं नसायचं. उत्तर आलं नाही तर आपण काय करणार, हा प्रश्न खरा होता.

कारण पत्र पोचायचं ते घराला. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला, आणि ती योजना आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले अधिकारी, संस्कृत कवी आणि आपल्या कोकणातले, ही गोष्ट मला फार अभिमानाची वाटते. एकाच नावाची ढीगभर गावं, वेगवेगळ्या लिप्या, न लागणारं अक्षर, या सगळ्यावर सहा आकड्यांनी तोडगा काढला. महाराष्ट्रात पिंपळगावं आणि वडगावं किती आहेत ते आठवा, म्हणजे त्या आकड्यांची किंमत कळेल. पण पिनकोड गाव शोधून द्यायचा, गाव सोडून गेलेला माणूस नाही. वडिलांची बदली झाली, मुलगा चाकण नाहीतर वाळूजच्या कंपनीत लागला, तिथं चौघांत घेतलेली खोली सहा महिन्यांनी बदलली, की धागा तुटला. मुलींचं तर घर आणि आडनाव दोन्ही एका दिवसात बदलायचं. आमच्या वर्गातल्या बहुतेक मुली पुढच्या पाच-सहा वर्षांत अशाच नजरेआड झाल्या. त्यांना शोधणं तेव्हा कोणाला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी मुलानं मुलीच्या सासरी पत्र टाकणं शक्य नव्हतं.

फोननं हे बदललं असेल असं वाटतं, पण नाही. घरी फोन यायला वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागायचं. परगावी बोलायचं तर ट्रंक कॉल बुक करायचा आणि लागण्याची वाट बघायची. थेट डायल करायची एसटीडीची सोय १९६० मध्ये कानपूर आणि लखनौ यांच्यात सुरू झाली होती, ती गावागावांत पोचायला पुढची तीस वर्षं गेली. १९८४ मध्ये सी-डॉट ही टेलिफोनचं देशी तंत्रज्ञान बनवणारी सरकारी संस्था निघाली, देशी बनावटीची लहान एक्स्चेंजेस तालुक्यांत आली आणि पाठोपाठ पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ. पुण्यात शिकत असताना रात्री अकरानंतर पाव दर लागतो म्हणून आम्ही रांगेत उभे राहायचो. काचेच्या केबिनमध्ये मीटरचे लाल आकडे पळत असायचे, नजर त्यांच्यावर आणि कान पलीकडे. पलीकडचा नंबर बहुधा पी. पी., म्हणजे शेजाऱ्यांचा. त्यांनी मित्राला हाक मारून आणेपर्यंत पैसे जायचे, म्हणून 'दहा मिनिटांनी करतो' सांगून ठेवून द्यायचा. पुढे फोन वाढले, नंबरांत एकेक आकडा वाढत गेला आणि डायऱ्यांमधले जुने नंबर निकामी झाले. तो नंबरही घराचाच होता.

भारतातला मोबाइलचा पहिला कॉल ३१ जुलै १९९५ चा, कोलकात्यातून पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीत तेव्हाचे दूरसंचार मंत्री सुखराम यांना केलेला. तेव्हा मिनिटाला १६ रुपयांपर्यंत दर होता आणि आलेल्या कॉललाही पैसे पडायचे. मे २००३ पासून येणारे कॉल फुकट झाले आणि खऱ्या अर्थानं मोबाइल आपल्या लोकांच्या हाती आला. एक मिस्ड कॉल म्हणजे पोचलो, दोन म्हणजे खाली ये, ही भाषा कोणी शिकवली नाही. तरी कंपनी बदलली की नंबर बदलायचा. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत दुर्लक्षित तारीख आहे. त्या दिवसापासून पत्ता माणसासोबत फिरायला लागला.

मधल्या काळात ऑर्कुट ही फेसबुकसारखी साइट येऊन गेली, २००४ ते सप्टेंबर २०१४. शाळांच्या नावानं तिथं कम्युनिटी निघाल्या, पण त्यावर होते ते कॉम्प्युटरपर्यंत पोचलेले. मुली तिथंही सापडायच्या नाहीत, कारण शोधायचं तर आडनाव लागायचं आणि आम्हाला माहेरचंच माहीत. व्हॉट्सॲपला ना ईमेल लागला ना इंग्रजी. २०१६ मध्ये जिओ आलं, इंटरनेट स्वस्त झालं, आणि ज्याला टाइप करणं जड जायचं तो बोलून मेसेज पाठवू लागला. एकाकडे दुसऱ्याचा नंबर, दुसऱ्याकडे तिसऱ्याचा, असा ग्रुप भरत गेला.

आमच्या वर्गाचा पट ५२ जणांचा. शाळेच्या कपाटातून जुनं हजेरीपत्रक काढून मिळालं, त्याचा फोटो ग्रुपवर टाकला आणि सापडेल त्याच्या नावापुढं टिक करायला सुरुवात केली. एका मैत्रिणीसाठी आमच्यातली दोघी तिच्या माहेरी जाऊन आल्या. भावानं आधी तिला विचारलं, मग नंबर दिला. ग्रुपवर तिचा पहिला मेसेज आला तो एवढाच : '३१, हजर'. त्या रात्री एक वाजेपर्यंत कोणी झोपलं नाही.

अजून चार नावांपुढं टिक नाही. त्यातला एक आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला जायचा, दिवाळीनंतर त्याची जागा रिकामी असायची. त्याच्या तांड्याचं नाव तेवढं माहीत आहे. या दसऱ्याला, टोळ्या कारखान्यांकडे निघायच्या आत, आम्ही तिघं तिकडं जाऊन येणार आहोत.