खाजकुइली व कंपवात

खाजकुइली (संस्कृत : कपिकच्छू, आत्मगुप्ता, शास्त्रीय नाव : म्यूकुना प्रुरिएन्स) ही कुंपणांवर, झुडपांवर चढणारी शेंगवर्गीय वेल आहे. शेंगेवरची तपकिरी लव अंगाला लागली की खाज आवरत नाही. औषधी उपयोग मात्र मुख्यतः आतल्या बियांचा. बिया दुधात शिजवून, साल काढून, वाळवून त्यांचे चूर्ण करतात. आयुर्वेदात त्यांची ख्याती वाजीकर, म्हणजे कामशक्ती वाढवणाऱ्या, म्हणून. आज त्यांची चौकशी होते ती बरेचदा कंपवातासाठी, म्हणजे पार्किन्सनसाठी.

कंपवातात मेंदूतील डोपामीन (हालचालींवर ताबा ठेवायला लागणारे रसायन) तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात. थरथर ही ठळक खूण, पण पुष्कळदा त्याआधी सहीचे अक्षर बारीक होते, बटणे लावायला वेळ लागतो, चालताना एक हात हलेनासा होतो. डोपामीन रक्तातून मेंदूत शिरत नाही. लेव्होडोपा हा पदार्थ मात्र शिरतो आणि तिथे त्याचे डोपामीन होते. १९३७ मध्ये भारतीय संशोधकांनी खाजकुइलीच्या बियांतून हाच पदार्थ वेगळा केला होता. कंपवातावर तो चालतो हे कळायला आणखी दोन तपे लागली.

म्हणून ‘झाडपाला आहे, अपाय नाही’ हे इथे खरे नाही. कंपवातावरच्या नेहमीच्या गोळीत आणि या चूर्णात मुख्य औषध एकच, लेव्होडोपा. गोळीत सोबत कार्बिडोपा असतो, तो लेव्होडोपा मेंदूबाहेर वाया जाऊ देत नाही. २००४ मध्ये लंडनमधील चाचणीत ३० ग्रॅम चूर्णाचा गुण गोळीपेक्षा लवकर आला आणि जास्त टिकला, पण रुग्ण होते आठच. बाजारातल्या चूर्णात लेव्होडोपा किती, हे डबीगणिक बदलते. गोळी चालू असताना डॉक्टरांना न सांगता चूर्ण घेतले तर मात्रा वाढून मळमळ, रक्तदाब उतरणे, भास होऊ शकतात. गोळी एकदम बंद करणे त्याहून धोक्याचे. चूर्ण दुधाबरोबर घेण्याचा प्रघातही इथे अडचणीचाच, कारण दुधातील प्रथिने लेव्होडोपाच्या शोषणाआड येतात.

औषध कोणतेही असो, व्यायामाला पर्याय नाही. चालणे, योगासने, मोठ्याने वाचन हे रोजचे. पुण्यात कंपवाताच्या रुग्णांचे मित्रमंडळ आहे आणि त्यांच्यासाठी नृत्यवर्गही चालले आहेत. चालताना अडलेले पाऊल ठेका मिळाला की सुटते. उंबऱ्याशी पाय चिकटलेल्या माणसाला नुसते ‘चला’ म्हणून उपयोग होत नाही, पण ‘ही रेघ ओलांडा’ म्हटले की तो बरेचदा चालू लागतो. काही घरांत त्यासाठी दारापाशी जमिनीवर रंगीत चिकटपट्ट्या लावलेल्या असतात.