सॉफ्टवेअरचं काम देण्याआधी: फीचर्सच्या यादीच्या आधी ठरवायच्या गोष्टी

आमच्याकडे येणारे बहुतेक ग्राहक एक यादी घेऊन येतात. लॉगिन, डॅशबोर्ड, मोबाइल ॲप, पंधरा प्रकारचे रिपोर्ट, आपोआप जाणारे मेसेज. यादी मेहनतीने केलेली असते आणि तिच्यातलं बरंचसं करताही येतं. पण हे सगळं झाल्यावर धंद्यात काय बदललेलं असेल, असं विचारलं की बहुधा उत्तर येतं, "काम सोपं होईल." कुणाचं काम, किती सोपं, आणि वाचलेला वेळ जाणार कुठे, हे यादीत नसतं. हे पत्रक त्या न लिहिलेल्या भागाबद्दल आहे. कोटेशन मागण्याआधी वाचून घ्या, कदाचित कोटेशनच लहान होईल.

एक उदाहरण, जरा सविस्तर

समजा, तुम्ही उधारीवर माल विकता. पैसे वेळेवर येत नाहीत, म्हणून तुम्हाला वसुलीसाठी ॲप हवं आहे. त्यात थकबाकीची यादी, आपोआप जाणारी स्मरणपत्रं, वसुलीला फिरणाऱ्या माणसाचं लोकेशन, असं सगळं. मागणी वाजवी वाटते. आम्ही मात्र आधी विचारू की माल गाडीत चढल्यापासून बिल ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत किती दिवस जातात?

समजा, उत्तर निघालं सहा दिवस. गोदामात चलन हाताने लिहिलं जातं, ते अकाउंट्सकडे पोचतं, तिथे पुन्हा टाइप होतं, दर जुळत नाहीत म्हणून फोनाफोनी होते आणि मग बिल निघतं. पैसे देण्याची मुदत ४५ दिवसांची असेल आणि ती बिलाच्या तारखेपासून मोजली जात असेल, तर ग्राहकाने अगदी वेळेवर दिलेले पैसेसुद्धा माल गेल्यापासून ५१व्या दिवशी येतात. म्हणजे सहा दिवसांच्या विक्रीइतकी रक्कम तुमच्या खेळत्या भांडवलातून कायमची बाहेर अडकलेली. यात ग्राहकाचा दोष नाही. वसुलीचा माणूस कुठे फिरतोय हे नकाशावर पाहून त्यातला एकही दिवस कमी होणार नाही.

आता कामच बदलतं. गोदामात चलन भरायला एक स्क्रीन, मंजूर दरांची सगळ्यांसाठी एकच यादी, आणि गाडी बाहेर पडताच तयार होणारं बिल. मूळ यादीतल्या बऱ्याच गोष्टी इथे गळून पडतात. उद्दिष्ट एका ओळीत मावतं: "बिल निघायला आज ६ दिवस लागतात, नवी पद्धत सुरू झाल्यावर तीन महिन्यांत ते १ दिवसावर आणायचं, जबाबदारी अकाउंट्स प्रमुखांची." या ओळीत एकाही फीचरचं नाव नाही, आणि ते मुद्दामच नाही.

उलटही निघू शकतं. बिल त्याच दिवशी जात असेल आणि तरी पैसे अडकत असतील, तर आधी थकबाकी किती दिवसांची आणि कुणाकडे आहे ते मांडून पाहायला हवं. ती चार-पाच मोठ्या ग्राहकांकडेच साठलेली असेल, तर तिथे मालकाने समोर बसून बोलण्याला पर्याय नाही. असं दिसलं तर आम्ही काम घेणार नाही, आणि का घेत नाही तेही सांगू.

आकडा निवडताना

"नफा वाढला पाहिजे" हे खरं असलं तरी सॉफ्टवेअरसाठी फार लांबचं उद्दिष्ट आहे. नफ्यावर बाजारभाव, हंगाम, स्पर्धक अशा कितीतरी गोष्टींचा परिणाम होतो. वाढला तर श्रेय कुणाचं आणि घटला तर दोष कुणाचा, यावर नुसती चर्चा होत राहते. त्यापेक्षा नफ्याकडे नेणारा आणि सॉफ्टवेअरने थेट हलणारा मधला आकडा धरा. बिलाला लागणारे दिवस, चुकीच्या गेलेल्या ऑर्डरी, नोंदीतला आणि प्रत्यक्षातला साठा यातला फरक, चौकशी आल्यापासून कोटेशन जाईपर्यंतचा वेळ, असं काहीतरी.

आजचा आकडा काम सुरू होण्याआधीच मोजा. नंतर मोजायला गेलं तर जुनी पद्धत बंद झालेली असते आणि हातात "पूर्वीपेक्षा बरं चाललंय" एवढंच उरतं. त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. प्रत्येक चलनावर माल गेल्याची आणि बिल निघाल्याची अशा दोन तारखा काही आठवडे लिहिल्या तरी पुरे.

एका आकड्याच्या मागे लागताना त्याला आवर घालणारा दुसरा आकडाही ठेवा. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाच्या संदर्भात हा धोका मांडला होता: नियंत्रणासाठी एखाद्या आकड्यावर भार टाकला की तो पूर्वीसारखा भरवशाचा राहत नाही. बिल लवकर काढायचा दबाव आला की बिलं लवकर निघतात आणि चुकीचीही निघतात. म्हणून बिलाच्या दिवसांबरोबर दुरुस्त कराव्या लागलेल्या बिलांची संख्याही पाहायची.

किती स्क्रीन झाल्या, किती तास लागले, रोज किती जण लॉगिन करतात, या आकड्यांवर प्रकल्पाचं यश मोजू नका. स्क्रीन आणि तास आमच्या कामाचा हिशेब आहेत. आणि लॉगिनची संख्या तर फसवीच, कारण एखादं काम कुणीही सॉफ्टवेअर न उघडता आपोआप होत असेल तर ते उत्तमच म्हणायचं.

आकड्यात न बसणारी कामं

बॅकअप, कुणाला काय दिसावं याच्या परवानग्या, कायद्यातल्या बदलानुसार करायच्या दुरुस्त्या, जुन्या झालेल्या आवृत्त्या बदलणं. यांनी विक्री वाढत नाही, म्हणून बजेट कापताना यांच्यावरच पहिली कात्री चालते. ही कामं आम्ही वेगळ्या यादीत ठेवतो आणि प्रत्येकासमोर "नाही केलं तर काय होईल" ते लिहितो.

पगार, हिशेब, हजेरी या गोष्टी तुमच्याकडे इतरांसारख्याच चालत असतील, तर तयार पॅकेज घ्या. नव्याने बनवून घेण्याचा खर्च तिथेच शोभतो जिथे तुमची पद्धत वेगळी आहे आणि त्या वेगळेपणामुळेच ग्राहक तुमच्याकडे येतात.

टप्पे, आणि थांबण्याची मुभा

नीट विचार करून ठरवलेलं फीचरही फसू शकतं. मायक्रोसॉफ्टमध्ये रॉन कोहावी आणि सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष वापरकर्त्यांवर प्रयोग करून कल्पना तपासल्या. ज्या आकड्यासाठी कल्पना सुचवली होती तो आकडा सुमारे एक तृतीयांश कल्पनांनीच सुधारला. बाकीच्यांपैकी काहींनी फरक पडला नाही, आणि काहींनी तर आकडा बिघडला. एवढ्या अनुभवी लोकांची ही गत असेल, तर आमच्या किंवा तुमच्या अंदाजावर वर्षभराचं बजेट एकदम लावू नये.

म्हणून पहिला टप्पा आम्ही छोटा धरतो, पण तो खऱ्या कामात वापरला गेलाच पाहिजे. एकच गोदाम, एकाच प्रकारचा माल, पण खरी बिलं. डेमोमध्ये सगळंच छान दिसतं. त्यानंतर आकडा पाहून पुढे जायचं, दिशा बदलायची किंवा थांबायचं हे ठरवू. पैसेही टप्प्यानुसारच. थांबण्याची मुभा खरी असायची तर सोर्स कोड (सॉफ्टवेअरचा मूळ लिहिलेला प्रोग्राम), डेटा आणि सर्व्हरचे पासवर्ड पहिल्या दिवसापासून तुमच्या ताब्यात हवेत. करारात हे नसेल तर, काम आमच्याकडे असो वा आणखी कुणाकडे, सही करू नका.

मधेच सुचलेले बदल

अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेने 'व्हर्च्युअल केस फाइल' नावाची प्रणाली बनवायला घेतली होती. मागण्यांचा दस्तऐवज ८०० हून अधिक पानांचा होता, तरीही मागण्या बदलतच राहिल्या. सुमारे १७ कोटी डॉलर खर्च झाल्यावर २००५ मध्ये ते काम सोडून द्यावं लागलं. पानं वाढवली म्हणून हेतू स्पष्ट होतो असं नाही, आणि हेतू डगमगत असेल तर कोणतीही मागणी नाकारायला आधार राहत नाही.

बदल येणारच, आणि यायलाही हवेत. तुमच्याकडून बदलाची विनंती आली की आम्ही एवढंच विचारतो की ठरलेला आकडा यामुळे हलेल का? हलणार असेल तर तो आत येतो आणि तेवढ्याच कामाचं दुसरं काहीतरी बाहेर जातं. हलणार नसेल तर पुढच्या टप्प्याच्या यादीत. धंद्याचं उद्दिष्टच बदललं असेल, तर फीचर्सची ओढाताण न करता उद्दिष्टाची ओळ पुन्हा लिहायला बसू.

नोंद कोण करणार, फायदा कुणाला

वरच्या उदाहरणात चलन स्क्रीनवर भरण्याचं काम गोदामातल्या माणसावर पडतं आणि सुटका अकाउंट्सची होते. संगणक-संशोधक जोनाथन ग्रुडिन यांनी १९८८ मध्येच दाखवून दिलं होतं की जास्तीचं काम एकाच्या वाट्याला आणि फायदा दुसऱ्याच्या, अशी विभागणी झाली की अनेकांनी मिळून वापरायची सॉफ्टवेअर अपयशी ठरतात. लोक उघड विरोध करत नाहीत. ते नोंदी संध्याकाळी एकत्र, अंदाजाने भरतात, आणि महिनाभरात रिपोर्टवरचा विश्वास उडतो. त्यामुळे आम्ही गोदामातल्या माणसालाही काहीतरी मिळेल असं पाहतो. निदान तेच आकडे पुन्हा वहीत उतरवण्याचं काम तरी त्याच्या मागून जायला हवं. ती वही बंद करण्याचा आदेश मात्र तुमच्याकडूनच निघाला पाहिजे.

पहिल्या भेटीला येताना

निर्णय घेऊ शकणारी एक व्यक्ती हवी. "विचारून सांगतो" म्हणणाऱ्या तिघांपेक्षा ती बरी. सोबत रोज हे काम प्रत्यक्ष करणारं कुणीतरी आणा. सध्याचे कागद, एक्सेलच्या फाइली, खाडाखोड झालेल्या वह्या आहेत तशाच आणा, आमच्यासाठी नीटनेटक्या करू नका. खाडाखोड कुठे आहे तेच आम्हाला पाहायचं असतं. फीचर्सची यादी तयार असेल तर तीही असू द्या. ती आपण दुसऱ्या भेटीत उघडू.