घरच्या संगणकावर बिटकॉइन मिळेल का?

'रात्रभर संगणक चालू ठेवा आणि बिटकॉइन कमवा' अशा जाहिराती अजूनही फिरतात. २००९ साली बिटकॉइन सुरू झालं तेव्हा हे खरोखर जमत होतं. साधा प्रोसेसर पुरायचा आणि व्यवहारांच्या नोंदींचा एक गठ्ठा, म्हणजे 'ब्लॉक', जोडला की ५० बिटकॉइन मिळायचे. आता का जमत नाही?

मायनिंग, म्हणजे असे ब्लॉक शोधून बिटकॉइन मिळवण्याचं काम, करणारा संगणक कुठलंही अवघड समीकरण सोडवत नसतो. ब्लॉकच्या शीर्षकाची ८० बाइट माहिती घ्यायची, तिच्यातला 'नॉन्स' हा आकडा बदलायचा आणि एसएचए-२५६ ही गणिती क्रिया दोनदा करायची. येणारा हॅश, म्हणजे या क्रियेतून निघणारा आकडा, ठरलेल्या मर्यादेपेक्षा लहान निघाला तर ब्लॉक तुमचा, नाहीतर पुढचा नॉन्स. नॉन्स एकाने बदलला तरी हॅश पार बदलतो, त्यामुळे आधीचे प्रयत्न पुढे काडीच्या कामाचे नसतात. महिनाभर मशीन चाललं, आता लागेलच, असं मानणं ही लॉटरीचे 'लकी नंबर' शोधण्यासारखीच अंधश्रद्धा आहे.

खरी गंमत त्या मर्यादेत आहे. दर २०१६ ब्लॉकनंतर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, नेटवर्क मागचा वेग तपासतं. ब्लॉक सरासरी १० मिनिटांहून लवकर सापडत असतील तर मर्यादा खाली येते, म्हणजे ब्लॉक सापडणं आणखी अवघड होतं. जगात कितीही यंत्रं वाढली तरी बिटकॉइन जास्त निघत नाहीत, फक्त प्रत्येकाचा वाटा घटतो. २०१३ पासून एवढं एकच काम करणाऱ्या एसिक चिप आल्या आणि २०२४ मध्ये नेटवर्कचा वेग सेकंदाला ५ वर २० शून्यं इतक्या हॅशच्या पुढे गेला. बक्षीसही दर २,१०,००० ब्लॉकनंतर निम्मं होत २०२४ मध्ये ३.१२५ वर आलं.

तुमचा लॅपटॉप सेकंदाला १ कोटी हॅश काढतो असं धरू. नेटवर्कचा २०२४ मधला तो वेग धरला तर एकट्याने ब्लॉक सापडायला सरासरी ९५ कोटी वर्षं लागतील. पूलमध्ये, म्हणजे मिळून मायनिंग करून बक्षीस वाटून घेणाऱ्या गटात, सामील झालात तर तीन वर्षांत जेमतेम एक सातोशी, म्हणजे बिटकॉइनचा दहा कोटीवा भाग. ६० वॅटच्या लॅपटॉपने तेवढ्यात दीड हजारावर युनिट वीज खाल्लेली असेल. मोबाइलवर एक बटण दाबून 'मायनिंग' करून देणारी बरीच अ‍ॅप तर हॅश काढतच नाहीत, पडद्यावरचा आकडा तेवढा वाढवतात.

ग्राफिक्स कार्डवर मायनिंग करणाऱ्यांचा मोठा आधार असलेलं इथेरियम हे दुसरं आभासी चलन सप्टेंबर २०२२ मध्ये मायनिंगमधून बाहेर पडलं. मोनेरो या आणखी एका चलनाची रँडमएक्स ही मायनिंगची पद्धत मात्र मुद्दाम साध्या प्रोसेसरसाठी बनवलेली आहे. पण तिथेही यंत्रं वाढली की ब्लॉक सापडण्याचं काठिण्य वाढतं आणि कमाई विजेच्या खर्चापर्यंत घसरत जाते. हा खर्च ज्यांना भरावा लागत नाही ते दुसऱ्यांच्या संगणकात चोरून मोनेरोचे मायनर घुसवतात. काही काम चालू नसताना तुमच्या संगणकाचा पंखा घोंगावत असेल, तर प्रोसेसर कोणता प्रोग्राम वापरतोय ते एकदा उघडून बघाच.